गळक्या तळ्याची कमिटी

माझ्या नोकरीतला एक फोन आठवला की मला अजून हसू येतं. डिचोली तालुक्यात, मयेच्या पलीकडच्या एका पंचायतीत मी तेव्हा सचिव होते. सकाळी कार्यालय उघडून नुकती टेकले होते, तोच फोन वाजला. पलीकडचा गृहस्थ जवळजवळ ओरडतच होता.

"सेक्रेटरबाय, ती जैव कमिटी तुमच्याकडेच ना? मग माणूस धाडा. खुराड्यात अजगर शिरलाय!"

मी म्हटलं, "अहो, वनखात्याला फोन करा. त्यांच्याकडे साप पकडणारी माणसं असतात."

"तेंका केलो. येतो म्हणाले. तोवर कमिटी काय करतली?"

"कमिटी नोंद करील," मी म्हणाले. यात थट्टा नव्हती. कायद्यानं आमचं काम तेच होतं.

मग त्यानं विचारलं, "नोंद कोणाची? अजगराची की कोंबड्यांची?"

वनखात्याची माणसं आली, अजगर पोत्यात घालून जंगलात सोडून आली. दुसऱ्या दिवशी तो गृहस्थ खरोखरच पंचायतीत हजर. नोंद झाली का, ते बघायला. झाली होती. ती वाचून त्याचं समाधान झालं, पण एक तक्रार राहिली: अजगराला जागा दिली आणि त्यानं गिळलेल्या गावठी कोंबडीला नाही, हा कुठला न्याय? त्याचं म्हणणं मला पटलं. गावठी कोंबडीही गावच्या जैवविविधतेतच मोडते. मी तिलाही जागा दिली.

आता ही कमिटी म्हणजे काय ते सांगते, कारण गोव्याबाहेरच काय, गोव्यातही पुष्कळांना ती ठाऊक नसते. प्रत्येक पंचायतीत एक 'जैवविविधता व्यवस्थापन समिती' असावी, असा कायदा आहे. नाव एवढं लांब की सभेत पूर्ण उच्चारेपर्यंत मागच्या रांगेतला एखादा उठून जाई. डिचोलीत लोक तिला 'जैव कमिटी' म्हणत, पेडण्यात 'झाडांची कमिटी'. सदस्य गावातलेच. शेतकरी, मासे पकडणारा, झाडपाल्याचं औषध देणारी एखादी म्हातारी, एखादे निवृत्त मास्तर. पंचायतीचा सचिव तोच कमिटीचा सचिव. गावात कोणती झाडं आहेत, कोणते मासे, पाखरं, बियाणं, झरे, हे लिहून ठेवायचं आणि त्यांना धक्का पोचेल असं काही व्हायला लागलं तर पंचायतीला आणि वरच्या मंडळाला सांगायचं. फक्त सांगायचं! हातात काठी नाही, अंगावर वर्दी नाही. ऐकलं तर ऐकलं.

त्यामुळे पुष्कळ गावांत ही कमिटी कपाटातच राहते. वर्षातून एकदा अहवाल मागितला की बाहेर काढायची, धूळ झटकायची, परत आत. मीही सुरुवातीची काही वर्षं यापेक्षा वेगळं काही पाहिलं नव्हतं. आमच्याकडे येणारी गिऱ्हाइकंही तशीच. एक जण आपल्या परसातल्या फणसाला 'गोव्यातला सर्वांत गोड' असा दाखला मागायला आला, सोबत गरे घेऊन. गरे सगळ्या ऑफिसनं खाल्ले. दाखला द्यायचा अधिकार आम्हाला नव्हता, हे त्याला गरे संपल्यावर सांगितलं. दोघा भावांनी सामाईक आंब्याचं भांडण कमिटीपुढे आणलं. तो आंबा दुर्मीळ आहे असं एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं तो रायवळच आहे असं. आम्ही आंबा पिकेपर्यंत थांबा म्हणालो. आंबा पिकेपर्यंत भावांचं जमलं होतं.

मग माझी बदली पेडण्यात झाली, इब्रामपूरच्या बाजूच्या एका गावात. त्या गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या बऱ्याच घरांतून मला अजून चवथीला बोलावणं येतं आणि ते मला टिकवायचं आहे.

गावाच्या मधोमध एक तळं. वरच्या अंगाला डोंगर, त्याच्या पायथ्याशी केवड्याची दाट बेटं. केवड्याला आम्ही केगदी म्हणतो. त्या केगदीच्या मुळांतून झरे तळ्यात उतरतात. खालच्या अंगाला जुना मातीचा बांध. बांधाखाली वायंगण शेती, म्हणजे पाऊस गेल्यावर तळ्याच्या पाण्यावर घेतलेलं भात. त्या शेतांना लागून खालचा वाडा, नारळी-पोफळीतली घरं आणि प्रत्येक दोन-तीन घरांमागे एक विहीर, आमच्या बोलीत बांय. गावात नळ आहेत. पण पेडण्यातल्या नळाला पाणी कधी येतं आणि कधी जातं, हे पेडण्यातल्या माणसाला विचारू नये. त्याचा दिवस वाईट जातो.

इथल्या झाडांच्या कमिटीची अध्यक्ष होती लीलावती, सगळ्या गावाची लीलाकाकी. साठीच्या पुढची, काटक, तांबड्या भाजीचे वाफे बांधाखाली लावणारी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा दिगंबर, त्याला सगळे दिगू म्हणत. दिगू सुर्लाकडे खनिजाचा ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्या, ट्रक विकला गेला, आणि तेव्हापासून तो मिळेल त्या गाडीवर बदली ड्रायव्हर. लीलाकाकीला अध्यक्ष केलं ते मुद्दाम निवडून वगैरे नाही. त्या सभेत बाकीच्यांनी नकार दिला आणि ही उशिरा आली, एवढंच.

सरपंच होते पांडूबाब. गोल चेहरा, कायम हसरा, कुणाच्याही लग्नात सर्वांत आधी हजर. गावासाठी काहीतरी करून दाखवायची त्यांना फार हौस. आणि एक दिवस ते नाचतच पंचायतीत आले. तळ्याच्या सुशोभीकरणाचं काम मंजूर झालं होतं.

आराखडा त्यांनी भिंतीवरच लावला. रंगीत चित्र. तळ्याला चारी बाजूंनी काँक्रीटची भिंत, भोवती फरशीची वाट, दिवे, कारंजं, पायानं हाकायच्या हंसाच्या होड्या आणि एका रांगेत खाण्यापिण्याची दुकानं. चित्रात एक गोरी बाई कुत्रा फिरवत होती. आमच्या गावात अशी बाई नव्हती, पण आता येईल, असा सर्वांचा विश्वास दिसला.

"सेक्रेटरबाय, बाकीच्या गावांत काय काय झालं बघा," पांडूबाब म्हणाले. "आमच्याकडे काय? म्हशी आणि डास."

चित्र बघायला लोकांची रीघ लागली. मलाही ते आवडलं होतं, खोटं कशाला बोलू. फक्त चित्रात केगदी कुठे दिसत नव्हती.

नियमाप्रमाणे मी कागद कमिटीपुढे ठेवला. लीलाकाकीनं चित्र बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "बाय, चित्र बरें आसा. पण तळें थंय आसा. थंयच वचून पळोवया."

तर आम्ही सगळे तळ्यावर गेलो. खात्याचे इंजिनीअरही आले. तरुण, सभ्य, बूट चिखलात गेले तरी कुरकुर न करणारे. त्यांनी आम्हाला बांध दाखवला. खेकड्यांची बिळं, एका जागी चीर, कडेला खचलेली माती. "गेल्या पावसात तुम्ही वाळूच्या पोत्यांनी हा थोपवून धरलात," ते म्हणाले. "दर वर्षी नशीब साथ देईल असं नाही. बांधाच्या पोटात काँक्रीटचा पडदा घातला की गळती कायमची बंद."

"गळती म्हणजे?" लीलाकाकीनं विचारलं.

"हे पाणी बांधातून झिरपून खाली जातं ना, ते. फुकट जातं."

लीलाकाकी बांधाच्या खालच्या अंगाला उतरली. तिथे जमीन भर थंडीतही ओलसर होती. तिथून पुढे तिचे वाफे, त्यापुढे वाड्यातल्या विहिरी. ती वळून म्हणाली, "फुकट खंय जाता? हें आमीच पितांव न्हय?"

इंजिनीअर तिच्यामागे उतरले, ओली माती हातात घेऊन पाहिली. मग प्रामाणिकपणे म्हणाले, "तसंही असेल. पण बांध फुटला तर सगळंच वाहून जाईल, काकी."

"तेंय खरें," लीलाकाकी म्हणाली.

आणि खरंच दोन्ही खरं होतं. त्या दिवशी कमिटीत कुणालाच उत्तर ठाऊक नव्हतं. सभा पुढे ढकलली.

दोन दिवसांनी मी तिच्या घरी गेले, सभेची तारीख ठरवायला. दारातूनच आवाज ऐकू आले. दिगू ओसरीवर उभा होता आणि आईशी बोलत होता. पांडूबाबनी त्याला शब्द दिला होता, तळ्यावरचं एक दुकान दिगूचं. त्यानं मनात दुकानाचं नावसुद्धा ठरवून टाकलं होतं.

"आये, ट्रक गेलो," दिगू म्हणत होता. "आता कुठं माझ्या नावाचं काय तरी उभं रावता म्हणटाना तूच आड येतली?"

"हांव दुकानाच्या आड ना रे."

"दुकान तळ्याबरोबर येता. तळें नाका म्हटलें म्हणजे दुकान नाका म्हटलें. तुझी कमिटी माका जेवण घालतली?"

मला पाहून तो थांबला, माझ्यापुढे कदेल, म्हणजे खुर्ची, सरकवली आणि बाहेर निघून गेला. लीलाकाकीनं माझ्यापुढे चहाचा कोप ठेवला. स्वतः काही घेतलं नाही.

"बाय," ती म्हणाली, "दुसऱ्याच्या पुताचें दुकान आसलें जाल्यार माका कितलें सोपें जातलें."

मी सचिव. मला मत नाही, सल्ला द्यायचाही अधिकार नाही. तरी म्हटलं, "काकी, तुम्ही अध्यक्षपद सोडू शकता. कुणी काही म्हणणार नाही."

तिनं अंगणातल्या कोंबड्यांना मूठभर तांदूळ टाकले. "सोडीन. मागीर बांयतलें पाणी सकयल गेलें जाल्यार कोणाक सांगूं? अध्यक्षाक?" आणि स्वतःच हसली.

कमिटीचा ठराव झाला. बांध पक्का करा, पण काँक्रीटचा पडदा घालण्याआधी खालच्या विहिरींवर काय परिणाम होईल ते तपासा. वरच्या अंगाची केगदी तोडू नका, आणि तिथे पाखरं वस्तीला असतात म्हणून दिवे लावू नका. दुकानं तळ्याच्या काठाला नकोत, रस्त्याच्या कडेला द्या, आणि ती गावातल्या बेकार मुलांनाच द्या. शेवटचं वाक्य लीलाकाकीनं घालायला लावलं. मी माझ्या पद्धतीनं ठराव लिहून वाचून दाखवला तेव्हा ती म्हणाली, "माका वाचूंक येता गो, पण तुझे शब्द गिळूंक जायनात. सोपें बरय." मी सोपं लिहिलं. माझ्या सगळ्या नोकरीत एवढा चांगला ठराव मी दुसरा लिहिला नाही.

रविवारी ग्रामसभा. देवळाच्या मांडवात माणूस मावत नव्हता. लीलाकाकीनं ठराव मांडला आणि जो गोंधळ उडाला! "गावात पहिल्यांदा काही चांगलं होतंय!" "पाखरांना दिवे नको, मग माणसांनी काळोखात राहायचं?" आणि मागून कुणीतरी म्हणालं, "सोताच्या भाजयेखातीर गावाचें वायट करता!"

ते तिला लागलं. मी शेजारीच होते, पाहिलं. तिनं पदर सावरला आणि बसली. दिगू खांबाला टेकून उभा होता. हात वर करायची वेळ आली तेव्हा तो मांडवातून बाहेर पडला. ठराव पडला. पांडूबाबनी सगळ्यांना सोडा-लिंबू पाजलं आणि पहिला ग्लास लीलाकाकीला दिला. तो तिनं घेतला. आमच्याकडे भांडण असं असतं.

कमिटीचं म्हणणं मी वरच्या मंडळाला कळवलं, कारण ते कळवणं माझं काम. उत्तराची वाट बघायला कंत्राटदार थांबला नाही. थांबायला हवं असं त्याला कुणी सांगितलंही नाही. एका सोमवारी जेसीबी आला.

मी पोचले तेव्हा लीलाकाकी घरची कदेल आणून बांधावर बसली होती, मांडीवरच्या सुपात वालीच्या शेंगा. ती शेंगा मोडत होती आणि जेसीबी तिच्यापुढे घुरघुरत उभा होता. चालक बेळगावकडचा, यल्लाप्पा नावाचा. तो बिचारा खाली उतरून हात जोडत होता.

"काय वो मावशी, उठा की. माझं मशीन तासावर चालतंय. बसून ऱ्हायलं की मालक मला खातोय."

"तुजें जेवण जालें?" लीलाकाकीनं विचारलं.

"न्हाई अजून."

"मागीर शेंगो मोड. हात लाव."

आणि तो खरंच शेजारी बसून शेंगा मोडायला लागला! पांडूबाब धावत आले, तर हे दृश्य. त्यांना रागवावं की हसावं कळेना.

"लीलाकाकी, हें काय?"

"कांय ना, पांडू. बसल्यां."

"ग्रामसभेनं ठरवलंय, काकी."

यावर ती उत्तर देईल, भांडेल, असं मला वाटलं होतं. तिनं सूप उचललं, कदेल उचलली. "ठरयलां, खरें. हांव गावापरस व्हडली न्हय," ती म्हणाली. "पण बांयत वाकून पळोवंक ग्रामसभेन बंदी घालूंक ना. तें हांव करतली."

ती बांधावरून उतरली. तिच्या मागून यल्लाप्पानं शेंगांची उरलेली जुडी नेऊन दिली आणि मशीन सुरू केलं.

मला त्या दिवशी वाईट वाटलं. वाटलं, हिनं अजून थोडं बसायला हवं होतं. आज वाटतं, ती बसून राहिली असती तर तळं 'लीलाकाकीचं भांडण' झालं असतं. ती उठली म्हणून ते पुढे गावाचं होऊ शकलं.

बांधात चर खणला गेला, काँक्रीटचा पडदा उतरला. वरच्या अंगाला केगदीची दोन मोठी बेटं साफ झाली. तळं नीट भरलेलं दिसायला लागलं, पूर्वीपेक्षा जास्त. लोक संध्याकाळी बघायला येत. आणि लीलाकाकी खालच्या वाड्यात घरोघर जाऊन विहिरीत वाकून बघे. बायका चेष्टा करत, "काकी, काय पडलां गो?" ती म्हणे, "अजून कांय ना. पडलें म्हणजे सांगतां."

शिगमा आला. पेडण्यातला शिगमा म्हणजे घराघरांत पाहुणे. पांडूबाबचं घर खालच्या वाड्यात. त्यांच्याकडे मुंबईहून, कोल्हापुरातून नातेवाईक आलेले. आणि ऐन सणाच्या सकाळी त्यांच्या बायकोनं, शालननं, विहिरीत बालदी सोडली, ती तळाच्या दगडावर आपटली.

त्या विहिरीनं असा आवाज पूर्वी कधी केला नव्हता. शेजारच्या विहिरींतही पाणी गढूळ आणि खोल. नळ कोरडा. घरात अंघोळीच्या रांगेत पाहुणे. शालन शांत बाई, चार माणसांत कधी बोललेली नाही. ती रिकामी बालदी घेऊन निघाली ती थेट पंचायतीत. सणाची सुट्टी असूनही पांडूबाब तिथे होते. मिरवणुकीच्या तयारीला आम्ही सगळेच होतो. तिनं बालदी टेबलावर ठेवली, त्या रंगीत चित्राच्या बरोबर खाली.

"तुमचें कारंजें केन्ना सुरू जातलें?" तिनं नवऱ्याला विचारलं. "थंय न्हांवंक धाडटां सगळ्यांक. हंसाच्या होडयेंत बसून न्हांवदीत."

पांडूबाबचा चेहरा मी विसरणार नाही. आधी हसू आलं, मग ते हसू गेलं, आणि मग ते खुर्चीतून उठून बालदी घेऊन बायकोच्या मागे चालायला लागले. त्या दिवशी मिरवणुकीत सरपंच नव्हते. ते विहिरीविहिरीत वाकून बघत होते. त्यांच्यासोबत लीलाकाकी होती.

पुढच्या ग्रामसभेला मांडव पुन्हा भरला. या वेळी आवाज कमी, भीती जास्त. उन्हाळा पुढे होता. वरच्या वाड्यातल्यांना मात्र अजून तळं आवडत होतं. त्यांच्या विहिरी ठीक होत्या. ते म्हणाले, काम अर्धं टाकून कसं चालेल? एकदोन वर्षांत पाणी येईल आपोआप. वाद वाढायला लागला, आणि दिगू उभा राहिला.

सगळ्यांच्या माना वळल्या. दुकान त्याचं जाणार, हे सर्वांना माहीत होतं. लीलाकाकीनं मान खाली घातली.

"हांव खाणीर ट्रक चलयतालो," दिगू म्हणाला. "खड्डो खोल गेलो तसो पंपान पाणी काडून व्हाळांत सोडटाले. बाजूच्या वाड्यांतल्यो बांयो सुकल्यो. मागीर टँकर आयलो. माझो दोस्तच टँकर चलयतालो. बायलो कळशे घेवन धांवताल्यो. तो म्हणटालो, दिगू, हॉर्न वाजोवंक माका लज दिसता." त्यानं आईकडे पाहिलं. "माका दुकान जाय. आजूनय जाय. पण माझी आये टँकरच्या फाटल्यान धांवताना हांव भजी तळूं शकना."

एवढंच बोलून तो बसला. लीलाकाकी हुंदका आवरत होती आणि तो खोकला आहे असं दाखवत होती.

मग इंजिनीअर उठले. त्यांना पांडूबाबनी मुद्दाम बोलावलं होतं. ते म्हणाले की त्यांनी विहिरींची पाहणी केली आहे आणि पडद्यामुळे झिरपणं थांबलं हे त्यांना मान्य आहे. पण बांध नुसता मातीचा सोडायला ते तयार नव्हते, आणि त्यांचं बरोबर होतं. वाड्याकडच्या भागातला पडदा फोडायचा, तिथे चिकणमाती चांगली ठोकून घ्यायची आणि बाहेरून चिरे सिमेंटशिवाय रचायचे, म्हणजे बांध टिकेल आणि पाझरेलही. उरलेली केगदी तशीच ठेवायची. "हे काम दिसायला चित्रासारखं होणार नाही," ते म्हणाले.

"चित्र आमी भिंतीर ठेवतले," पांडूबाब म्हणाले, आणि पहिल्यांदा मांडवात हशा पिकला.

ठराव एकमतानं झाला. वरून मंजुरी मिळवायला पांडूबाब पणजीत किती वेळा गेले, ते मोजायचंच सोडलं. हंसाच्या होड्या गेल्या, कारंजं गेलं. पडदा फोडायला यल्लाप्पाच आला. "मावशी," तो लीलाकाकीला म्हणाला, "मीच बांधलो, मीच फोडाया लागलोय. गावाला जाऊन काय सांगू?" तिनं त्याला जेवायला बसवलं आणि गावाला काय सांगायचं ते शिकवलं. काय, ते मला माहीत नाही.

पाणी लगेच परतलं नाही. तो उन्हाळा खालच्या वाड्यानं कसाबसा काढला. पाऊस झाला, आणि पुढच्या थंडीत बांधाखालची जमीन पुन्हा ओली दिसली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली, चप्पल काढून उभी राहून. कापलेली केगदी मात्र परत आली नाही. चवथीला बायका आता केवडा आणायला शेजारच्या गावात जातात, आणि मला दर वर्षी त्याची चुटपुट लागते. कमिटीचं म्हणणं महिनाभर आधी कुणी ऐकलं असतं, तर ती वाचली असती. ऐकून घेणं हे काम कायद्यात कुणाच्याच नावावर लिहिलेलं नाही.

मी निवृत्त झाले. मागच्या हिवाळ्यात त्या बाजूला गेले होते, तेव्हा गावात थांबले. दिगूचं दुकान रस्त्याच्या कडेला आहे. पाव-भाजी, मिरची भजी, चहा. तिथून तळं दिसतं आणि लोक कोप हातात घेऊन बघत बसतात. गोरी बाई अजून आलेली नाही, पण बेळगावचे, कोल्हापूरचे लोक गाड्या थांबवतात.

दुकानात गर्दी होती आणि गर्दीत भांडण चालू होतं. बघते तर ती कमिटीची सभा! दिगूला गेल्या खेपेला कमिटीवर घेतलं होतं. लीलाकाकी अजून अध्यक्ष. विषय होता मोर. डोंगरावरचे मोर खाली उतरून तिच्या मिरच्यांची रोपं खात होते, आणि अध्यक्षांचं म्हणणं होतं की त्यांना हाकलायला ठराव करावा.

"आये, मोर राष्ट्रीय पक्षी," दिगू सांगत होता. "तेका हात लावंक मेळना. आनी लोक मोर पळोवंक थांबतात, म्हणून चाय पितात."

"राष्ट्रीय जाल्यार राष्ट्राची मिरसांग खांव दी! माझी कित्याक खाता?"

"तूच शिकयलें न्हय, गांवांत जें आसा तें राखपाचें?"

"हांवें तळें म्हटलें. मोर म्हणूंक ना."

पांडूबाब, आता माजी सरपंच, कोपऱ्यात भजी खात डोळे पुसत होते, हसून की मिरचीनं, सांगता येत नव्हतं. शालन म्हणाली, "बाय, तुमीच सांगा आता."

मी हात वर केले. "मी निवृत्त. मला बोलायचा अधिकार नाही."

लीलाकाकीनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग भज्यांच्या कागदाचा एक कोरा तुकडा ओढला, दिगूच्या खिशातलं पेन काढलं आणि दोन्ही माझ्यापुढे ठेवलं. "नवो सेक्रेटर रजेर आसा. आयलीच आसा जाल्यार बरय. सोपें बरय."

मी लिहिलं: मोरांच्या विषयावर सविस्तर चर्चा झाली. अध्यक्ष व त्यांचा मुलगा यांचं एकमत झालं नाही. मोर सभेला हजर नव्हते.